शिकवणारं कुणी नसताना शिकार शिकायची तर

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं म्हणणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे', 'बघा', 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील.)

आजचा विषय बघून काही जण इथूनच परत फिरतील, आणि त्यात काही गैर नाही. विषय आहे शिकार. आणि तीही घरात, नात्यात, मित्रमंडळींत कुणीच शिकारी नसताना, वयाच्या पंचविशीनंतर शिकायची शिकार.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर नंतर मेसेज येतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. शेताची नासाडी करणाऱ्या रानडुकराचा बंदोबस्त करायचा तरी वनखात्याची परवानगी लागते. त्यामुळे आज जे बोलणार आहे त्यातलं काहीही गावी जाऊन करून बघायचं नाही. मी राहतो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, दिवसभर कोड लिहितो, आणि हे सगळं इथलं आहे, तेही मुख्यतः इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल.

आपल्या डोक्यात शिकार म्हटलं की संस्थानिकांचे ते फोटो येतात. वाघावर पाय, हातात बंदूक, मागे हाकारे घालणारी माणसं. इथलं चित्र वेगळं आहे. वन्यप्राणी कुणाच्या मालकीचे नसतात, जमीन खाजगी असली तरी. ते जनतेचे, आणि त्यांची जबाबदारी राज्याची. किती मारायचे, कुठे, कधी, कशानं, हे राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग दरवर्षी ठरवतो. (इथे सगळे त्याला डीएनआर म्हणतात, मीही तेच म्हणणार.) रानातलं मांस विकायला बंदी आहे. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा झाला, त्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. लायसन्सचे पैसे वेगळे. म्हणजे जंगल राखण्याच्या खर्चातला मोठा वाटा शिकारीच देतात. हे तुम्हाला पटो न पटो, व्यवस्था अशी आहे.

आता मूळ प्रश्न. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीनं हरणाची शिकार करायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. पाच लाखांहून जास्त लोक लायसन्स काढतात. त्यातले बहुतेक हे बापाकडून, काकाकडून, आजोबांकडून शिकलेले. दहा-बारा वर्षांचं पोर बापाशेजारी थंडीत बसतं, दोन-तीन हंगाम नुसतं बघतं, मग कधीतरी त्याच्या हातात रायफल येते. आपण नाशिक-पुण्याकडून बीटेक करून इथे आलेले. आपल्याला कोण शेजारी बसवणार?

मग आपण करतो काय, तर यूट्यूब उघडतो. माझं म्हणणं असं की यूट्यूब वाईट नाही. शिकवणारा माणूस नवशिक्याला साधारण तीन गोष्टी देतो. एक, जागा दाखवतो. दोन, हाताला वळण लावतो. आणि तीन, खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "थांब, नको मारूस." पहिली गोष्ट नकाशे आणि पायपीट देतात. दुसरी सरावानं येते. तिसरी कुठल्याच व्हिडिओत नसते, कारण व्हिडिओ हा शेवटी हरीण पडलं म्हणूनच बनलेला असतो. न झाडलेल्या गोळीला व्ह्यूज नाहीत. एकट्यानं शिकणाऱ्यानं खरी तयारी करायची ती या तिसऱ्या गोष्टीची. बाकीचं जमतं.

व्हिसावाल्यांनी आधी हे ऐका

हा भाग मी मुद्दाम आधी घेतोय, कारण ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी एच-१बी किंवा एफ-१ वर असणार. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. "जवळ बाळगणं" याचा अर्थ फार रुंद आहे. मित्राची रायफल रेंजवर हातात घेऊन दोन गोळ्या झाडणं हेसुद्धा त्यात येऊ शकतं. ऑफिसच्या टीम आउटिंगला शूटिंग रेंजवर जाणारे लोक मी पाहिलेत आणि त्यातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं.

याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एक, तो म्हणजे मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स. म्हणून क्रम असा लागतो: आधी सुरक्षेचा कोर्स, मग लायसन्स, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. उलटा क्रम म्हणजे गुन्हा, आणि तोही असा की ज्यात व्हिसा जाऊ शकतो. विस्कॉन्सिनचं लायसन्स-वर्ष ३१ मार्चला संपतं (आपलं आर्थिक वर्षच म्हणा ना), त्यामुळे एक एप्रिलला घरातल्या कपाटात रायफल आहे आणि लायसन्स जुनं, असं होऊ देऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तिरकमान या केंद्रीय कायद्यात बंदूक धरली जात नाही, म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात. मी वकील नाही. एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारा, त्या फीमध्ये कंजुषी नको.

कोर्स, आणि त्यातला एक शब्द

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. अठरा वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. तरी माझा आग्रह, वर्गात जाऊन करा. शिकवणारे स्वयंसेवक असतात, बहुतेक निवृत्त मंडळी, आणि आजूबाजूला बारा वर्षांची पोरं. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण बंदूक हातात कशी द्यायची-घ्यायची, कुंपण ओलांडताना ती रिकामी करून आधी पलीकडे कशी ठेवायची, हे स्क्रीनवर कळत नाही. शिवाय गुरू नसलेल्याला गुरू भेटायची सगळ्यात सोपी जागा हीच. डीएनआर "लर्न टू हंट" नावानं प्रौढ नवशिक्यांसाठी वर्ग आणि शिकारीही आयोजित करतं. त्यात अनुभवी माणूस सोबत मिळतो. जागा मिळाली तर सोडू नका.

कोर्समध्ये चार नियम घोकून घेतात, टॅब-के. टी: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. ए: नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. बी: लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री. के: झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरपासून बाहेर. चारही महत्त्वाचे, पण एकट्या माणसाचं पाणी जोखतो तो बी. कारण बाकीचे तीन सवयीनं पाळले जातात, बी ला प्रत्येक वेळी नव्यानं विचार करावा लागतो. हरीण टेकडीच्या माथ्यावर उभं आहे, मागे आकाश. दिसायला सुंदर, पण गोळी चुकली किंवा आरपार गेली तर ती कुठे जाईल? पॉइंट टू-टूची एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मागे मातीचा उतार हवा. नसेल तर ते हरीण आपलं नाही.

कपड्यांचं थोडक्यात: हरणाच्या बंदुकीच्या हंगामात कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी झगझगीत केशरी हवा. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. हरणाला तो केशरी आपल्याला दिसतो तसा उठून दिसत नाही. माणसांना दिसतो, आणि तेच हवं.

पहिल्या वर्षी खार

हे ऐकून हसू नका. पहिल्या हंगामात हरणाच्या मागे लागू नका, खारीच्या मागे लागा. आपल्या रामायणातल्या खारीची आठवण येऊन जीव चुकचुकतो, मान्य. पण इथल्या करड्या खारीचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि महिनोन्‌महिने चालतो. नऊ दिवसांची घाई नाही. सरकारी जंगलात भरपूर मिळतात. आणि जंगलात हळू चालायचं, वीस मिनिटं झाडाला टेकून हलायचं नाही, पानांच्या आवाजावरून प्राणी ओळखायचा, फांदीवर बसलेल्या खारीमागे खोड आहे की नुसतं आकाश ते बघायचं, हे सगळं तिथे शिकायला मिळतं. मारलेला प्राणी हातात गरम लागतो. ते आपल्याला झेपतं का, हे लहान प्राण्यावर कळलेलं बरं. काही लोकांना तिथेच कळतं की आपल्याला हे नको आहे, आणि ते बंद करतात. मला तो या पायरीचा फायदाच वाटतो.

जंगल वाचणं

हरीण शोधायला लोक पहाटे चारला उठतात, पण खरं शोधकाम वसंतात आणि उन्हाळ्यात होतं. उत्तर विस्कॉन्सिनमधलं शक्वामेगन-निकोले हे राष्ट्रीय जंगल एकटंच सुमारे १५ लाख एकरांचं आहे, शिवाय काउंटीची जंगलं. नकाशाच्या ॲपवर सरकारी आणि खाजगी जमिनीच्या हद्दी दिसतात. तिथे जाऊन चालायचं. दाट झाडी संपून मोकळी जागा सुरू होते ती किनार, दोन टेकड्यांमधली खिंड, दलदलीला वळसा घालणारी वाट. लेंड्या, खुरांचे ठसे, नरानं शिंगं घासून साल काढलेली रोपटी. आणि ओकची झाडं. व्हाइट ओकच्या फळांत तुरटपणा रेड ओकपेक्षा कमी असतो, म्हणून ती पडायला लागली की हरणं तिकडे वळतात. ही दोन झाडं पानावरून ओळखता आली पाहिजेत: व्हाइट ओकच्या पानाचे कोपरे गोल, रेड ओकचे टोकदार.

आणि वारा. हरणाचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं आहे. बसायची जागा निवडताना वारा हरणाच्या येण्याच्या वाटेकडून आपल्याकडे यायला हवा. डोंगर-उतारावर यात एक गंमत आहे. सकाळी ऊन चढलं की हवा वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली घरंगळते. त्यामुळे सकाळची चांगली जागा संध्याकाळी कुचकामाची असू शकते. मी खिशात मिल्कवीडचा कापूस ठेवतो. रुईच्या म्हाताऱ्या लहानपणी उडवल्यात ना, तसाच. एक तंतू सोडला की हवेचा सगळा नकाशा दिसतो.

झाडावरच्या मचाणाबद्दल एवढंच: एकट्या नवशिक्यानं पहिली दोन वर्षं जमिनीवरच बसावं. मचाणावरून पडणं हे शिकारीतल्या गंभीर दुखापतींचं मोठं कारण आहे. चढायचंच असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस, जमिनीवरून पाय उचलल्यापासून. आणि जमिनीवर असलात तरी नक्की कुठे बसणार आणि किती वाजता परत येणार हे घरी कुणालातरी लिहून द्या. नोव्हेंबरात पारा शून्याखाली असतो.

कागदाची प्लेट

आता "थांब" म्हणणारा माणूस स्वतःच कसा तयार करायचा, त्याकडे येतो.

हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जो भाग होतो तो साधारण आठ इंचांच्या कागदी प्लेटएवढा. रेंजवर लोक टेबलावर रायफल टेकवून शंभर यार्डांवर छान नेम साधतात आणि खूश होतात. जंगलात टेबल नसतं. म्हणून प्लेट लावायची आणि गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, जाड जॅकेट घालून, थोडं पळून धाप लागलेली असताना झाडायचं. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी प्लेटमध्ये जाते ते तुमचं अंतर. दहापैकी आठ जातात ते नव्हे. कारण उरलेल्या दोन म्हणजे जबडा तुटलेलं किंवा पोट फाटलेलं हरीण, जे दोन दिवसांनी कुठेतरी झुडपात मरतं. बऱ्याच जणांचं हे अंतर साठ-सत्तर यार्ड निघतं. निघू दे.

मग घरी, शांतपणे, कागदावर लिहायचं: इतक्या यार्डांपलीकडे नाही. हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित पलीकडे तोंड करून असेल तरच, समोरून किंवा पाठमोरं नाही. पळत असेल तर नाही. मागे माती नसेल तर नाही. अंधार पडायला थोडाच वेळ उरला असेल तर नाही, कारण मग माग काढायला उजेड राहत नाही. हा शेवटचा कायद्यात नाही, माझा आहे. कायदा सूर्यास्तानंतरही थोडा वेळ देतो.

आमच्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही असा नियम असतो. तो नियम कुणी शुक्रवारी संध्याकाळी बसून ठरवत नाही, कारण त्या वेळी प्रत्येकाला वाटतं की एवढासा बदल आहे, करून टाकू. हरीण समोर आल्यावर छाती अशी धडधडते की स्वतःच्या कानात ऐकू येते. हात थरथरतात. त्या क्षणी घेतलेला कुठलाही निर्णय हा शुक्रवार संध्याकाळचा निर्णय. गेल्या हंगामात माझ्यासमोर एक मादी पंचेचाळीस यार्डांवर, अंतराच्या आत, अकरा मिनिटं उभी होती, तोंड माझ्याकडे करून. ती वळली नाही. मग निघून गेली. त्या दिवशी घरी व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलं, "मिळालं का काही?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं." आमची कारणं वेगळी होती.

गोळीनंतर

गोळी लागल्यावर हरीण बहुतेकदा पळतं. हृदयात लागली तरी शंभर यार्ड जाऊ शकतं. नवशिक्या ताबडतोब मागे धावतो, आणि तिथेच घात होतो. जखमी हरीण दाबलं गेलं नाही तर जवळच बसतं. मागे माणूस आला तर उरलेल्या बळावर मैलभर जातं.

म्हणून आधी जागचं हलायचं नाही. हरीण उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ती जागा, दोन्ही एखाद्या झाडाच्या खुणेनं पक्क्या करायच्या. अर्धा तास थांबायचं. मग पहिल्या जागेवर जाऊन रक्त बघायचं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, हरीण जवळच असणार. काळपट लाल असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट, घाण वास येणारं पाणी मिसळलेलं असेल तर पोट. तेव्हा सहा-आठ तास, वेळ पडली तर रात्रभर थांबावं लागतं. हे थांबणं अतिशय जड जातं, कारण आपल्यामुळे एक जीव तडफडतोय हे माहीत असतं. पण मागे लागलात तर तो सापडणारच नाही. प्रत्येक डागाजवळ टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जायचं, मागे वळून बघितलं की दिशा कळते. (परत येताना तुकडे उचला.) रक्ताची वाट खाजगी जमिनीत शिरली तर मालकाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याकडून माग काढून देणारी माणसं असतात. त्यांचे नंबर हंगामाआधीच फोनमध्ये हवेत, आणि अशा वेळी यायला तयार असलेल्या एखाद्या सहकाऱ्याचाही. एकट्यानं शिकायचं म्हणजे मदतही मागायची नाही असं थोडंच आहे.

सापडल्यावर मागच्या बाजूनं जायचं, लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करून बघायचा. पापणी हलली नाही तर संपलं. मग कोथळा काढायचा, तिथेच, लगेच, कारण मांस खराब करते ती आतली उष्णता. सुरी उथळ धरायची, आतडी आणि मूत्राशय फुटू द्यायचं नाही. पहिल्यांदा तास-दीड तास लागतो. बापाकडून शिकलेले दहा-पंधरा मिनिटांत करतात. लागू दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत डीएनआरच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर नोंदणी सक्तीची आहे.

आणि एक गोष्ट अनेक जण टाळतात, तुम्ही टाळू नका. २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला, इथे सीडब्ल्यूडी म्हणतात. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, हरीण झिजत जाऊन मरतं, आणि शिजवल्यानं ते प्रथिन नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नका असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. डीएनआर तपासणी फुकट करून देतं. डोकं ठरलेल्या ठिकाणी नेऊन द्यायचं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, पाकिटांवर हरणाचा नंबर टाकून. आणि मंडळी, भेजा फ्राय नाही, पायाचं सूपही नाही. मेंदू, मणका, हाडं यांपासून लांबच राहायचं.

शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूला दूरवर पसरतात, म्हणून तिथलं मांस सढळ हातानं कापून टाकायचं. मी तांब्याची गोळी वापरतो. महाग पडते, पण घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर विचारसुद्धा करू नका, तांबंच घ्या.

शिजवण्याबद्दल दोन वाक्यं, कारण विचारणारे विचारणारच. या मांसात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे पाठीची पट्टी कुकरला लावलीत तर चामडं होईल, ती तव्यावर दोन-दोन मिनिटं. मांडी-नळीचं मांस मात्र सुटं करून, सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालून, कुकरमध्ये निवांत सुकं होऊ द्या. बकऱ्यापेक्षा एखादी शिट्टी जास्त.

तिरकमानीनं सुरुवात करणाऱ्यांचे प्रश्न बरेच आलेत, अंतराचं सगळं गणितच तिथे बदलतं. तो पुढचा भाग. तोवर ज्यांना यंदाचा हंगाम धरायचा आहे त्यांनी कोर्सची तारीख बघून ठेवा. सप्टेंबर उजाडला की वर्ग भरलेले असतात.